कुंडीच्या खालून पाणी निघते का?

परभणीत उन्हाळ्यात घरोघरी माठ असतो. बोअरचे पाणी भरलेल्या माठाच्या बाहेरच्या अंगावर दोन महिन्यांत पांढरी पूड धरते. आपण ती फडक्याने पुसतो आणि विसरतो. माठातून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते. त्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते तिथेच बसतात. आज बोलायचे आहे ते रोपांविषयी. पण ही पांढरी पूड लक्षात राहिली तर पुढचे सगळे सोपे जाईल.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे मिरची, टोमॅटो, वांगी, पपई यांची रोपे मातीच्या गादीवाफ्याऐवजी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, कोकोपीटवर तयार होऊ लागली. शहरात गच्चीवर भाजी लावणारेही कोकोपीटच्या विटा आणतात. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. पाच किलोची वाळलेली वीट भिजवली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते. हलका, पाणी धरून ठेवणारा, मुळांना हवा देणारा असा हा भुसा खरोखर चांगला आहे. पण नारळ बहुधा समुद्रकाठचा, आणि सोडणे अनेक ठिकाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवतात. त्यामुळे वीट घरात येते तीच थोडे सोडियम आणि बरेच पोटॅशियम घेऊन. स्वस्त, न धुतलेल्या विटेत हे प्रमाण जास्त असते.

परभणीजवळच्या एका गावात एका तरुणाने शेडनेट उभारून रोपवाटिका टाकली होती. एका मे महिन्यात त्याचा निरोप आला, म्हणून गेलो. मिरचीची बारा हजार रोपे, सगळी आधीच बोली झालेली. पानांच्या कडा करपलेल्या, दुपारी रोपे माना टाकत होती. ट्रेच्या कपांवर पांढरट साय आलेली.

‘‘काका, पाणी रोज देतो, खतपण देतो. बियाणंच खराब निघालं वाटतं,’’ तो म्हणाला.

मी एक ट्रे उचलून खाली पाहिले. भोके कोरडी होती. ‘‘खालून पाणी निघतं का रे?’’

‘‘नाही काका! टँकरचं पाणी आहे. एक थेंब वाया जाऊ देत नाही.’’

तो हे अभिमानाने सांगत होता, आणि दुखणे नेमके तिथेच होते.

त्याच्याकडे ईसी मीटर होते, पण खोक्यात. ईसी म्हणजे पाण्याची विद्युत वाहकता. क्षार जितके जास्त तितका आकडा मोठा. ईसी १ म्हणजे लिटरमागे ढोबळमानाने ६४० मिलिग्रॅम क्षार. टँकरच्या पाण्याची ईसी १.४ निघाली. त्यात लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ घातल्यावर आकडा २.२ झाला. खताची ही मात्रा चुकीची नव्हती. फक्त ती सांगताना पाण्यात आधीच काय आहे, हे कुणी धरले नव्हते. मग एका ट्रेवर हळूहळू पाणी ओतून खालून निथळलेले पाणी वाटीत धरले. मीटरने ५ च्या पुढचा आकडा दाखवला. कोवळ्या रोपांसाठी मी १ च्या आसपास ठेवायला सांगतो.

कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की काकडीला पाणी सुटते. मुळांचे तसेच होते. भोवतीचे पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झाले की मुळाला पाणी ओढता येत नाही. भुसा ओला असतो आणि रोप तहानलेले असते. आपल्याला वाटते, रोप उपाशी आहे. आपण आणखी खत देतो. त्या मुलाने तेच केले होते, एक दिवसाआड.

आता हिशेब करून पाहा. गच्चीवरच्या दहा लिटरच्या ग्रो बॅगमध्ये टोमॅटो आहे. रोज एक लिटर पाणी, ईसी १. खालून काहीच निघत नाही. साठ दिवसांत नुसत्या पाण्याबरोबर अडतीस ग्रॅम क्षार आत गेले, खताचे वेगळे. झाड त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडे वापरते. सोडियम आणि क्लोराइड त्याला फारसे नको असतात, ते मागे राहतात. शिवाय भुसा सुकून त्यातले पाणी निम्मे झाले की तेवढेच क्षार निम्म्या पाण्यात येतात, म्हणजे खारटपणा दुप्पट. म्हणून कोकोपीट पार सुकू देऊ नये. आपल्याकडे पारा ४४-४५ वर असताना दिवसातून एकदा भरपूर पाणी देण्यापेक्षा थोडे थोडे तीन-चार वेळा द्यावे.

मराठवाड्याला हे नवे नाही. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, आणि डावा कालवा २०८ किलोमीटर वाहत परभणी जिल्ह्यापर्यंत आला. पाणी आले तिथे हिरवे झाले. पण भारी काळ्या जमिनीत जिथे पाणी सढळ दिले आणि त्याला निचरा ठेवला नाही, तिथे जमिनी चिबड आणि खारवट होत गेल्या. जिथे पाणी येते पण जात नाही, तिथे क्षार मुक्कामाला राहतात. शेतात हे व्हायला वर्षे लागतात. ट्रेच्या चमचाभर भुशात पंधरा दिवस पुरतात.

मग करायचे काय? प्रत्येक वेळी दिलेल्या पाण्यातले दहा ते वीस टक्के खालून निघालेच पाहिजे. म्हणजे लिटरभर दिले तर फुलपात्रभर. आठवड्यातून एकदा ते वाटीत धरून मोजा. दिलेल्या पाण्यापेक्षा निथळलेल्याची ईसी एकाहून अधिक वाढली असेल तर भुसा धुवायची वेळ झाली. पिशवीत जितका भुसा, त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सकाळच्या वेळी सावकाश सोडावे, आणि शेवटचे पाणी सौम्य खताचे द्यावे. नुसत्या पाण्यावर थांबलात तर चांगले अन्नही धुऊन जाते. नवी वीट असेल तर ती आधी दोन-तीन पाण्यांत धुवून कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजत ठेवावी. भुशाला चिकटलेले सोडियम, पोटॅशियम सुटते आणि त्या जागी कॅल्शियम बसते. मात्र कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरद किंवा सल्फेटची खते एकाच टाकीत मिसळू नका. तळाशी चुन्यासारखा साका बसतो, ठिबक तुंबते.

मीटरविषयी थोडे सांगतो, कारण यात जाणतेही फसतात. १९:१९:१९ मधला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि युरिया मीटरला दिसत नाही. तो पुढे भुशात अमोनियम होतो तेव्हा आकडा वाढतो. दुसरे, टीडीएस मीटर मुळात ईसीच मोजते आणि एका ठरावीक आकड्याने गुणून दाखवते. तो आकडा कुठल्या कंपनीच्या मीटरमध्ये ०.५, कुठल्या ०.७. दोन शेजारी आपापले टीडीएस ताडून भांडतात ते उगाच. ईसी वाचा.

टँकर विकत घेणाऱ्याला ‘पाणी खालून जाऊ द्या’ सांगणे जिवावर येते, हे मला कळते. पण ते पाणी फेकायचे नाही. ट्रेखाली पन्हळ लावा, ते बांधावरच्या नारळाला सोडा. नारळ खारटपणा सोसतो. फक्त रोज एकाच बुंध्याशी नको. आणि पावसाचे पाणी साठवा. त्याची ईसी जवळजवळ शून्य. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटर पाणी येते. जूनमध्ये धरलेली एक टाकी विहिरीच्या पाण्यात निम्मी-निम्मी मिसळली तरी रोपांना मोठा आराम पडतो.

त्या मुलाची सगळी रोपे वाचली नाहीत. दोन दिवस धुणे चालले. ज्यांची मुळे पांढरी होती ती आठवड्याने सावरली. ज्यांची टोके तपकिरी पडली होती, ते ट्रे रिकामे करावे लागले. अंदाजे तिसरा हिस्सा. बोली केलेल्यांना त्याने स्वतः जाऊन सांगितले. ट्रेमधला तो भुसाही त्याने टाकला नाही. जूनमध्ये गोणपाटावर पातळ पसरून तीन चांगले पाऊस त्याच्यावरून जाऊ दिले, निथळ मोजली, आणि मग दाराजवळच्या झेंडूच्या मातीत मिसळला.