आधी पंपाजवळ जा

लोणावळ्याकडच्या भाड्याच्या बंगल्यांना आता पोहण्याचा तलाव लागतोच. तळावरची माती आणि पाचोळा ओढायला तिथे सक्शन क्लीनर सोडलेला असतो आणि तो एका कोपऱ्यात बसून राहिला की निरोप येतो, "मशीन गेलं." बहुतेक वेळा मशीन शाबूत असतं.

या यंत्राला मोटर नाही, वायर नाही. फर्डिनांड शोव्हिए यांनी दक्षिण आफ्रिकेत १९७४ साली 'क्रीपी क्रॉली' काढला, तेव्हापासून या जातीचे क्लीनर तलावाच्या पंपाच्या ओढीवरच चालतात. आजच्या अनेक मॉडेलांत पाणी आत ओढलं जाताना रबरी डायफ्राम उघडझाप करतो आणि त्या हिसक्यांनी यंत्र पुढे सरकतं. ओढ कमी झाली की हिसके मंदावतात. म्हणून मी यंत्राला हात लावण्याआधी पंपाजवळ जातो. बास्केट पानांनी भरलीय का? फिल्टरचा काटा स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८-१० पीएसआय वर गेलाय का? गेला असेल तर बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवायचा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

खरा छळ हवेचा. पाणी परत येणाऱ्या तोंडातून बुडबुडे येत असतील तर पंप कुठून तरी हवा ओढतोय. ही गळती फसवी असते. पंप चालू असताना तिथून थेंबही पडत नाही, कारण पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. राखणदार काकांना मी सांगतो, "पंप चालू ठेवा आणि एकेका जोडावर पाणी ओता." ज्या जोडावर पाणी पडताच बुडबुडे थांबतात, तो जोड दोषी. पुष्कळदा पंपाच्या झाकणाची ओ-रिंग कोरडी किंवा चिरलेली निघते. तिला सिलिकॉन ग्रीसच लावावं. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं.

यंत्र एकाच जागी गोल फिरत असेल तर होज पाहा. गुंडाळून ठेवलेला होज तोच वळसा धरून बसतो. उन्हात सरळ पसरून ठेवला की सुटतो. परतीच्या पाण्याची धार होजला ढकलत असेल तर तिचं तोंड खाली वळवा. यंत्र भिंत चढून पाण्याबाहेर येत असेल तर ओढ जास्त झालीय, व्हॉल्व थोडा कमी करा.

हे सगळं ठीक असूनही हालचाल नसेल, तरच डायफ्राम काढून चीर शोधा. तो बदलता येतो. त्यासाठी अख्खं यंत्र टाकून देणं मला पटत नाही.

एक मात्र कधीही विसरू नका. कुणी पाण्यात उतरण्याआधी पंप बंद करून होज काढा आणि भिंतीतल्या सक्शनच्या तोंडावर झाकण घट्ट बसवा. उघड्या तोंडाची ओढ लहान मुलाचे केस किंवा हात धरून ठेवण्याइतकी जोरदार असते.