कारागिराची मागची गाडी

अमेरिकेतील एखाद्या उपनगरात सकाळी सातच्या सुमारास रस्त्याकडेला उभे राहिले, तर मोठ्या पिकअप मोटारीमागे बांधलेली, चारी बाजूंनी बंद, पत्र्याच्या पेटीसारखी दिसणारी गाडी हमखास नजरेस पडते. तिला इंजिन नसते, चालक नसतो, खिडक्याही बहुधा नसतात. ती असते घरांची दुरुस्ती आणि नूतनीकरण करणाऱ्या कारागिराची. तिला ट्रेलर म्हणतात. तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळी ‘यंदा स्वयंपाकघर नव्याने करून घेतले’ असे सहज सांगून जातात, तेव्हा त्यांच्या दारात आठ-दहा आठवडे हीच पेटी उभी राहिलेली असते.

आपल्याकडे गवंडी किंवा सुतार हत्यारांची पिशवी खांद्याला लावून येतो आणि माल दुकानदार टेंपोने पोचवतो. २००५ साली आलेल्या टाटा एससारख्या लहान मालवाहू गाड्यांनी ती सोय आणखीच वाढविली. अमेरिकेत मात्र घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची, भिंती आतून जिप्समच्या फळ्यांच्या, मजुरी महाग आणि हत्यारे विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारी. एखादे हत्यार घरी राहिले, तर दोन माणसांची तासाभराची मजुरी वाया जाते. यास्तव तेथील कारागीर आपले दुकानच मागे बांधून निघतो. बंद मोटारव्हॅन घेतली तर उलटे मागे येण्याची दगदग नाही आणि गाडी उभी करण्यास जागाही कमी लागते, हे खरे. परंतु ट्रेलर कामाच्या जागी सोडून मोटार मोकळी करता येते, मोटार बिघडली म्हणून दुकान बंद पडत नाही, आणि तो स्वस्तही पडतो. ज्याचे एकेक काम महिना महिना चालते त्याने ट्रेलर घ्यावा, आणि ज्याला दिवसाकाठी चार घरी किरकोळ कामे करावयाची आहेत त्याने व्हॅन घ्यावी, असे माझे मत आहे.

नवखा गिऱ्हाईक आधी लांबीरुंदी पाहतो. वास्तविक आधी पाहावयास हवे ते वजन. प्रत्येक ट्रेलरवर एक लहानशी पाटी असते आणि भरलेल्या गाडीचे एकूण वजन किती असावे ते तिच्यावर लिहिलेले असते. हा आकडा मालाचा नव्हे, गाडी आणि माल मिळून. सहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि एका आखाच्या ट्रेलरवर हा आकडा पुष्कळदा २९९० पौंड, म्हणजे सुमारे १३५५ किलो असतो. तीन हजारांना दहा कमी, हे गौडबंगाल काय? तर अनेक राज्यांत तीन हजार पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे होते, म्हणून कारखानदार त्या रेषेच्या किंचित अलीकडे थांबतात. नियमाची रेषा ओढली की तिच्या अलीकडे गर्दी व्हावयाचीच, हे आम्हां सरकारी नोकरांस कोणी वेगळे सांगावयास नको.

आता हिशेब करून पाहू. रिकामी पेटी सुमारे साडेपाचशे किलोची धरली, तर मालाला उरले आठशे. करवतीचे टेबल, हवेचा कॉम्प्रेसर, शिड्या, फडताळे आणि खिळ्यांचे डबे मिळून तीनशे किलो सहज होतात. आठ फूट बाय चार फुटांची, अर्धा इंच जाडीची जिप्समची फळी साधारण तेवीस किलोची. अशा वीस फळ्या घेतल्या की ४६० किलो. वर फरशी बसविण्याच्या मसाल्याच्या दोन पिशव्या टाकल्या की पाटीवरची मर्यादा ओलांडली. पेटी मात्र अर्धी रिकामीच दिसते, आणि ही रिकामी जागाच माणसाला फसविते. म्हणून ज्याला फळ्या आणि फरशा स्वतः वाहावयाच्या आहेत त्याने दोन आखांचा, सात हजार पौंडांच्या म्हणजे सुमारे ३१७५ किलोंच्या मर्यादेचा ट्रेलर घ्यावा. मात्र ओढणारी मोटार, तिच्या मागचा जोड आणि त्यावरील लोखंडी गोळा, या तिन्हींची क्षमता तेवढी असली पाहिजे, कारण सर्वांत दुबळ्या भागाची क्षमता तीच साऱ्या गाडीची. गोळ्याचे मापही नीट जुळले पाहिजे. दोन इंची खोबणीत पावणेदोन-दोन इंचांच्या मधला गोळा बसल्यासारखा दिसतो, आणि खड्ड्यात चाक आदळले की निसटतो.

आता समतोलाकडे वळू. हा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना तो चटकन कळेल. ओझे आखाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळले जातात. ओझे फार पुढे आले की सारा भार बैलांच्या मानेवर पडतो. ट्रेलरचेही तसेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा दहा ते पंधरा इतका भार पुढच्या जोडावर पडावा, असा तेथील ठोकताळा आहे. तेराशे किलोंच्या ट्रेलरला हा भार १३० ते १९५ किलो होतो. भार याहून फार वाढला तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड सुटते. भार कमी पडला तर परिणाम अधिक भयंकर. बैल सावकाश चालतो, तेथे उलाळ झालेली गाडी फार तर थांबते. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीमागचा ट्रेलर मात्र डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो, आणि काही क्षणांत तो मोटारीलाच फिरवून रस्त्याबाहेर फेकतो.

हा समतोल एकदा साधून भागत नाही. सकाळी निघताना फळ्या पुढे, आखाच्या जरा अलीकडे, नीट रचलेल्या असतात. संध्याकाळी त्या भिंतीवर गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी जुन्या स्नानगृहाचा राडारोडा येतो. दमलेले लोक तो मागच्या दारातून ढकलतात, म्हणून तो दाराशीच राहतो. सकाळची सुरक्षित गाडी संध्याकाळी अशी उलाळ होऊन महामार्गाला लागते. म्हणून ट्रेलर घेताना फडताळे आणि जड यंत्रे कोठे बसवावयाची, हे कागदावर काढून घ्यावे. जड वस्तू खाली आणि आखाच्या किंचित पुढे, आणि राडारोड्यासाठी बाजूच्या दारापाशी राखलेली मोकळी जागा, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

हेलकावे सुरू झालेच, तर मोटारीचा ब्रेक दाबू नये आणि सुकाणूही उलटसुलट फिरवू नये. वेगाच्या पायपट्टीवरून पाय काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि चालकाजवळच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे विजेचे ब्रेक लावावेत. मागून ओढ बसली की रांग सरळ होते. मी म्हणेन, कायदा मागो वा न मागो, ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्यावा. त्यात आणखी एक सोय असते. जोड तुटून ट्रेलर सुटला, तर एक तार खटक्यातील खुंटी उपसते आणि लहानशा बॅटरीवर ब्रेक आपोआप लागतात. ही बॅटरी कोणी तपासत नाही आणि ती वर्षानुवर्षे मेलेली असते. खुंटी हाताने उपसून चाके अडतात की नाही हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आपल्याकडे ऊसहंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जाताना पाहिल्या, की या तारेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

दारांविषयी थोडक्यात. मागे उतरते फळीचे दार असले तर चाकांची यंत्रे ढकलत चढविता येतात, पण ते उघडण्यास मागे पाच-सहा फूट जागा लागते. अरुंद गल्लीत दोन पाखांची दारे बरी. आतली उंची मालकाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त हवी, कारण दिवसातून चाळीस वेळा वाकणारी पाठ पाच वर्षांत बोलू लागते. १९७८ पूर्वीच्या घरांतील जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून अशा घरांत पैसे घेऊन रंगलेला भाग खरवडणाऱ्या कारागिरांस २०१० सालापासून तेथील संघराज्याचा नियम धूळ आवरण्याची सक्ती करतो. सूक्ष्म धूळ धरणारे शोषक यंत्र आणि प्लॅस्टिकचे पडदे यांना म्हणून स्वच्छ आणि वेगळा कप्पा ठेवावा. हीच धूळ कपड्यांवरून कारागिराच्या स्वतःच्या मुलांपर्यंत पोचते.

जुना ट्रेलर घेताना आधी छताचे सांधे पाहावेत, मग खाली वाकून सांगाड्याचा गंज, आणि शेवटी टायरच्या बाजूस छापलेली निर्मितीची तारीख. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहतो, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र चिरलेले असते. जोडाला आणि चाकाला अशी दोन कुलपे लावावीत. ज्या पेटीत सारे दुकान आहे ती चोरट्याला आयती ओढून नेता येते.

राहता राहिले जोडावरील भार मोजणे. त्यासाठी वजनकाट्यावर जाण्याची नेहमी गरज नाही. सपाट जागी एक मजबूत तुळई आडवी ठेवावी. तिचे एक टोक लोखंडी नळीवर आणि दुसरे घरातल्या साध्या वजनकाट्यावर, दोहोंत तीन फुटांचे अंतर. मग ट्रेलरचा पुढचा जोड नळीपासून एका फुटावर तुळईवर टेकवावा. काट्यावर दिसेल तो आकडा, त्यातून तुळईपुरते आधी दिसलेले वजन वजा करून, तिपटीने मोजला की खरा भार मिळतो. काटा ५० दाखवील तर भार १५० किलो. सकाळी भरल्यावर एकदा आणि संध्याकाळी राडारोडा चढविल्यावर एकदा, असे पहिले आठ दिवस मोजून पाहावे. पुढे मोटारीचा मागचा भाग किती दबला आहे, यावरून डोळ्यालाच अंदाज येऊ लागतो.