शाळेच्या बाकापासून विद्यापीठाच्या वर्गापर्यंत

आपला एखादा जुना विद्यार्थी विद्यापीठात प्राध्यापक झाला, ही वार्ता कोणत्याही शाळेला अभिमानाची वाटते. स्नेहसंमेलनात त्याचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि मुलांना त्याचा आदर्श ठेवण्याचा उपदेश होतो. नागपूरच्या सदर भागाला तर शाळांची परंपरा फार जुनी आहे. बिशप कॉटन शाळा 1862 ची, सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा 1870 ची. परंतु व्यक्तीचा गौरव करताना, ती ज्या वाटेने चालत गेली त्या वाटेचा मात्र समाजाला विसर पडतो.

ही वाट आयती मिळालेली नाही. सदरमध्ये शाळा उभ्या राहिल्या तेव्हा नागपुरात महाविद्यालय नव्हते. हिस्लॉप महाविद्यालय 1883 साली निघाले, मॉरिस महाविद्यालय 1885 साली. तरीही पदवीची परीक्षा द्यावयाची ती आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची. नागपूर विद्यापीठाची स्थापना 1923 साली झाली, तेव्हा कोठे शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा रस्ता याच शहरात पुरा झाला. त्याला साठ वर्षे लागली.

या रस्त्याचे खरे मोल कळते ते ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी त्यावर पाऊल ठेवले नव्हते त्यांच्याकडे पाहिले म्हणजे. डॉ. गंगाधर पानतावणे यांचा जन्म 1937 साली नागपुरातील दलित कुटुंबात झाला. पटवर्धन हायस्कूलमध्ये शिकून ते नागपूर महाविद्यालयात गेले. जुन्या मॉरिस महाविद्यालयाचेच हे तेव्हाचे नाव. पुढे औरंगाबादला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयात ते मराठीचे अध्यापक झाले आणि तेथून मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले. अध्यापन चालू असतानाच त्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक काढले आणि ते सुमारे पाच दशके चालविले. दलित लेखकांच्या कित्येक पिढ्यांना त्यातून हक्काचे व्यासपीठ लाभले. 2018 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रतिभा आणि जिद्द त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. परंतु महिन्याच्या महिन्याला येणारे वेतन आणि उद्याची निश्चिंती यांचा आधार नसता, तर पदरमोड करून नियतकालिक चालविणे किती जणांना शक्य झाले असते? प्राध्यापकाची कायम नोकरी ही केवळ पोटाची सोय नव्हे. ज्या घरात वारशाने काही येत नाही, त्या घरातील माणसाला विचार करण्यासाठी मिळालेली ती सवड असते.

आज नेमकी तीच सवड हिरावली जात आहे. पात्रतेच्या अटी वाढत गेल्या. नेट परीक्षा 1989 पासून, राज्याची सेट 1995 पासून सुरू झाली. विद्यापीठ विभागांतील नेमणुकीसाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे 2018 साली ठरले, ती सक्ती पुढे ढकलली गेली आणि 2023 साली मागेही घेतली गेली. या धरसोडीत उमेदवारांची उमेदीची वर्षे निघून गेली. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे शासनाच्या मान्यतेवाचून भरता येत नाहीत आणि ती मान्यता वेळेवर मिळत नाही. मग वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावर. जितके तास, तितका मोबदला. सुटीत काहीच नाही. पुढील सत्रात नेमणूक होईल की नाही, याचीही शाश्वती नाही. वर्गात शिकवायचे तेच, उत्तरपत्रिका तपासायच्या त्याच. परंतु शेजारच्या खोलीतील कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू होते.

शासनाची तिजोरी अमर्याद नाही, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. काही विषयांना विद्यार्थी उरलेले नाहीत, हेही खरे. तथापि ज्या विषयांचे वर्ग भरलेले आहेत, तेथे वर्षानुवर्षे तासिकेवर काम भागविणे ही काटकसर नव्हे. आजचा खर्च उद्याच्या पिढीच्या माथी मारण्याचाच तो प्रकार आहे. पद रिक्त होताच ते भरण्याची मुदत ठरावी. तोवर नेमणूक तासांची न होता पूर्ण वर्षाची व्हावी. आणि तासिकेवर काढलेली वर्षे पुढील निवडीत अनुभव म्हणून धरली जावीत. या मागण्या अवाजवी नाहीत.

सुखवस्तू घरातील मुलगा दहा वर्षे वाट पाहू शकेल. वाट पाहणे परवडत नाही तो गरीब घरातील हुशार मुलगा दुसरीकडे वळेल आणि त्याच्याबरोबर न निघालेली नियतकालिके, न झालेले संशोधन हेही लोपेल. अशा विद्यार्थ्याचा सत्कार कोणत्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात होणार नाही, कारण तो वाटेतच थांबला हे कोणाला कळणारही नाही.