जँगोमध्ये मॉडेल्स वेगळ्या फायलींत टाकली आणि सर्व्हर बंद? कारण आणि उपाय समजून घ्या

कॉलेजचा प्रोजेक्ट असो की नोकरीतलं पहिलं काम, जँगोची सगळी मॉडेल्स एकाच फाइलमध्ये असतात तोवर सुरळीत चालतं. कोड वाढला म्हणून 'एम्प्लॉई' आणि 'डिपार्टमेंट' अशी दोन ॲप्स केली, की सर्व्हर सुरूच होत नाही. टायपिंगची चूक शोधत बसू नका. ती बहुधा नसतेच.

नेमकं काय होतं?

एम्प्लॉईला आपलं डिपार्टमेंट माहीत हवं आणि डिपार्टमेंटला आपला प्रमुख, म्हणजे एक एम्प्लॉईच. म्हणून दोन्ही फायली एकमेकींना इम्पोर्ट करतात. पायथॉन फाइल वरून खाली वाचतो. पहिलीत इम्पोर्टची ओळ लागली, की ती अर्धवट सोडून दुसरीकडे जातो. तिथे पुन्हा पहिलीतला क्लास मागितलेला असतो, आणि तो अजून तयारच झालेला नसतो. पायथॉन ३.८ पासून एररमध्येच 'सर्क्युलर इम्पोर्ट'चा संशय लिहून येतो. त्यामुळे शेवटची ओळ आधी वाचा.

इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. इथे ती कामाची नाही, कारण फॉरेन की क्लास तयार होतानाच लागते.

मग उपाय काय?

फॉरेन कीला क्लास न देता अवतरणचिन्हांत फक्त नाव द्या: ॲपचं नाव, टिंब, मॉडेलचं नाव. इम्पोर्टची ओळ काढून टाका. ते दुसरं मॉडेल लोड झालं, की जँगो स्वतःच जोडणी करतो. ॲप 'इन्स्टॉल्ड ॲप्स'च्या यादीत मात्र हवं. (जँगोचा जन्मही वृत्तपत्राच्याच कार्यालयातला, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'मध्ये. २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.)

एसक्यूएलअल्केमी वापरत असाल तर रिलेशनशिपला क्लासचं नाव आणि फॉरेन कीला टेबल व कॉलमचं नाव द्यायचं. तिथे पहिल्या क्वेरीआधी सगळ्या मॉडेल फायली कुठेतरी इम्पोर्ट झालेल्या हव्यात. नाहीतर 'नाव सापडलं नाही' असा नवाच एरर येतो.

इथेच सुटका होत नाही

एम्प्लॉईमध्ये 'डिपार्टमेंट' नावाचं फील्ड असेल, तर प्रमुखाच्या फॉरेन कीमुळे जँगोने उलट्या बाजूने ठेवलेलं नावही तेच होतं आणि ई३०३ हा एरर येतो. प्रमुखाच्या फील्डला वेगळं 'रिलेटेड नेम' दिलं की तो जातो.

शिवाय पहिलं डिपार्टमेंट नोंदवताना प्रमुख आणायचा कुठून? प्रमुखाचं फील्ड रिकामं ठेवायची मुभा द्या. आधी डिपार्टमेंट, मग एम्प्लॉई आणि शेवटी प्रमुख, या क्रमाने नोंदी करा.