लॉन उपटा, डॉलर घ्या!

अमेरिकेत बंगल्यापुढचं हिरवंगार लॉन म्हणजे प्रतिष्ठा. निदान कालपर्यंत होती! आता पश्चिमेकडे नद्या आटू लागल्यात आणि कायद्यानेही पक्ष बदललाय.

खरी धमाल लास व्हेगासमध्ये. वर्षाचा पाऊस जेमतेम चार इंच; मुंबईत जुलैत तेवढा एका दिवसात कोसळून जातो. म्हणून तिथलं पाणी खातं लॉन काढणाऱ्याला चौरस फुटाच्या हिशेबाने चक्क पैसे मोजतं. एक चौरस फूट गवत गेलं की वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे सुमारे २०८ लिटर पाणी वाचतं. नव्या घरांच्या पुढच्या अंगणात तर २००३ पासूनच लॉनला मनाई. रविवारी स्प्रिंकलर बंद म्हणजे बंद. पाणी रस्त्यावर वाहताना दिसलं की गस्तीवरचा माणूस व्हिडिओ काढतो. दंड ८० डॉलरपासून सुरू, पुन्हा सापडलात की दुप्पट!

व्हेगास ज्या राज्यात आहे, त्या नेवाडाच्या २०२१ च्या कायद्याने नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२६ अखेर बंद केलं. दुभाजक, ऑफिसं, सोसायट्या सगळे त्यात आले. स्वतंत्र बंगले मात्र वगळले. मतदारांच्या अंगणात कोण हात घालणार?

कोलोरॅडो राज्याचा किस्सा आणखी भारी. छपरावरचं पाणी पिंपात साठवणं तिथे बहुतेक घरमालकांना बेकायदा होतं, कारण नदीच्या खालच्या अंगाला कुणाचा तरी त्या पाण्यावर आधीचा हक्क! २०१६ मध्ये सूट मिळाली; तीही दोन पिंपांची, मिळून ११० गॅलन.

ॲरिझोनात सग्वारो निवडुंगाचा थाट निराळा. त्याला पहिला फाटा फुटायलाच पन्नासेक वर्षं लागतात. जमीन तुमची असली तरी तो उपटून दुसऱ्या जागी न्यायचा तर सरकारी टॅग हवा.

आणि सोसायटीची कमिटी? ती जगभर सारखीच. मेरीलँडमध्ये एका जोडप्याने फुलपाखरांसाठी देशी झाडं लावली, तर कमिटी म्हणाली, लॉनच हवं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला: लॉनची सक्ती करायची नाही. कॅलिफोर्नियात तर दुष्काळात लोक वाळलेल्या गवताला हिरवा रंग मारून घेत होते! शेवटी २०१५ मध्ये, दुष्काळात गवत पिवळं पडलं म्हणून शहरांनी दंड करू नये, असा कायदा आला.

तुमचा भाचा-पुतण्या व्हेगासला जुनं घर घेत असेल तर त्याला एवढं सांगाच: आधी अर्ज, मग पाहणी, मगच कुदळ. परस्पर लॉन उपटलं तर एक डॉलरही मिळत नाही.