मेढीवरचा गोठा

मेढ म्हणजे वर बेचके असलेला, जमिनीत रोवलेला लाकडी खांब. रायगड जिल्ह्यातले गुरांचे जुने गोठे आणि पेंढ्याची खोपटी याच मेढींवर उभी राहत. बेचक्यात आढे बसवायचे, आढ्यावरून दोन्हीकडे वासे सोडायचे आणि त्यांवर पेंढा किंवा कौले चढवायची. भिंतीवर भार नसल्याने ती कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली असली तरी चाले. अमेरिकेत 1930च्या दशकात विजेचे जुने खांब रोवून शेतकऱ्यांनी स्वस्त कोठारे उभारली, त्यांचेही तत्त्व हेच होते: भार खांबावर, भिंत केवळ आडोशाला.

याच रायगड जिल्ह्यातले सुकापूर हे गाव पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या पट्ट्यात आहे. अशा ठिकाणी गोठा बांधायचा तर तीन गोष्टींचा बंदोबस्त करावा लागतो: जमिनीतली ओल, नैऋत्येचा वारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस.

त्याआधी कागदपत्रे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 शेतजमिनीवरील गुरांचा निवारा, वैरण व अवजारांची साठवण यांसाठीच्या बांधकामाला 'शेतघर' मानते. मात्र 2013पासून हा परिसर सिडकोच्या 'नैना' या नियोजन क्षेत्रात असल्याने केवळ सातबाऱ्यावर विसंबून खड्डे खणू नयेत. परवानगीची चौकशी आधी करावी. साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी 1964च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खासगी जमिनीवरच्या बांबूला 2017च्या वन कायद्यातील दुरुस्तीने मोकळीक मिळाली.

आकारासाठी रोजगार हमीशी जोडलेल्या सरकारी गोठा योजनेचे माप सोयीचे आहे. 2 ते 6 गुरांसाठी लांबी 7.7 मीटर, रुंदी 3.5 मीटर, शेजारी 250 लिटरचे मूत्रसंचय टाके. लांबीच्या दोन्ही बाजूंना चार-चार खांब उभे केले की तीन गाळे पडतात आणि मधली जागा मोकळी राहते. आखणीत दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही 8.46 मीटर भरले तरच चौकट काटकोनात आहे. इथली बोटभर चूक छपरावर पत्रा बसवताना हातभर होते.

खांबाचा पाय हा साऱ्या कामाचा जीव. पुरलेले लाकूड खोल तळाशी फारसे कुजत नाही. ते कुजते जमिनीलगतच्या वीतभर भागात, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. बुरशीला आणि वाळवीला हीच जागा मानवते. नुसते डांबर फासल्याने हा भाग थोडाच काळ तग धरतो. खांब काँक्रीटमध्ये गच्च बसवला तर लाकूड आकसून फट पडते आणि तिच्यात पाणी साचते. म्हणून काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर वीतभर आणावा, माथा बाहेर उतरता ठेवावा आणि त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांना खांब बोल्टने आवळावा. यात लाकूड कोरडे राहते, पण एक गोष्ट हातची जाते. मीटरभर पुरलेला खांब झाडासारखा स्वतःच्या बळावर ताठ उभा असतो. ठोकळ्यावरच्या खांबाला तसे बळ नसते. त्यामुळे खांब आणि वरची तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू दोन्ही दिशांना द्यावेच लागतात. हे टेकू वाचवणे ही सर्वांत महागडी काटकसर.

वाऱ्याचा हिशेब अनेकांच्या लक्षात येत नाही. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकाने धरलेला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे. या वेगाचा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला 118 किलो, तर पत्र्याचे वजन जेमतेम पाच किलो. चारी बाजूंना 60 सेंटीमीटर पागोळी सोडली तर छप्पर सुमारे 42 चौरस मीटरचे होते. म्हणजे 210 किलोच्या पत्र्याखाली उघड्या गोठ्यातला वारा काही टनांच्या जोराने शिरू शकतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यात असंख्य छपरे उडाली. त्यामुळे पत्रा रिपेला, रिप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब ठोकळ्याला अशी एकही कडी न तुटणारी साखळी हवी. नुसते खिळे उपटून येतात. जे-हुक किंवा वॉशरचे स्क्रू वापरावेत, तेही कडेला आणि कोपऱ्यांत जवळजवळ. पश्चिम व नैऋत्य बाजूला कूड किंवा पत्र्याचा आडोसा करावा आणि आढ्याशी गरम हवा निघायला झाकलेली फट ठेवावी.

पेंढ्याच्या छपराला उभा उतार लागतो, मंगलोरी कौलांना मध्यम, पत्र्याला त्याहून कमी चालतो. वरच्या 42 चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात 100 मिलीमीटर पाऊस पडला तर चार हजारांहून अधिक लिटर पाणी खाली येते. ते खांबांच्या पायाशी पडू नये म्हणून पागोळीखाली दगडी चर खणून पाणी उताराकडे वळवतात. जोते आजूबाजूच्या जमिनीहून हातभर उंच हवे. आतली फरशी खरबरीत, कारण गुळगुळीत ओल्या फरशीवर गाय घसरून कायमची अधू होऊ शकते. फरशीला गव्हाणीकडून गटाराकडे चाळीस मीटरला एक मीटर इतका उतार पुरतो.

दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक खांबाच्या बुडाशी टोकदार सळई टोचून पाहतात. ती सहज आत शिरली तर तो खांब पावसाआधी बदलायचा. त्याच फेरीत सैल हुक आवळून घेतात, चर उपसतात आणि वाळवीचे मातीचे माग खरवडून काढतात.