काम सुटले तरी गोळी सोडू नका

२००८ च्या मंदीत गाड्यांची मागणी घटली आणि कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांतल्या पाळ्या कमी झाल्या. तेव्हा काम सुटलेला एक कामगार अंगदुखीसाठी आला. रक्तदाब १८०/११०!

‘‘गोळी बंद केली, डॉक्टर. डोकं दुखत न्हाई, मग उगाच खर्च कशाला?’’

खिशात तंबाखूची पुडी मात्र होती.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. कधी कधी तो एकदम पक्षाघातानेच कळतो. काही गोळ्या अचानक सोडल्यास छातीत दुखू लागते. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा, त्यात लाज कसली? स्वस्त जेनेरिक गोळी मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफतही मिळते.

त्याची बायको दाराशी थांबून हळूच म्हणाली, ‘‘रात्री तीनला उठून बसतात. जेवण न्हाई, कुणाशी बोलणं न्हाई.’’ मला हे रक्तदाबाहून गंभीर वाटले. असे दोन आठवडे चालले तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आता १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. ‘जगून काय करू’ असे कुणी म्हणाले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा.